आधी ओळ मोजावी

द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणी उरकली की पुढचे चाळीस-पन्नास दिवस घरातल्या सगळ्यांचे डोळे आभाळाकडे असतात. काडीवर कोवळी फूट निघालेली असते, घड बाहेर पडत असतात, आणि अशात रात्री पाऊस झाला तर पाने ओली राहण्याच्या त्या काही तासांत डाऊनी रोग शिरतो. सकाळी उघडीप मिळाली की फवारणी व्हायलाच हवी. पण जमीन काळी, वाफसा यायला दोन दिवस लागणार. माणूस चालला तर घोट्यापर्यंत रुततो, तिथे पाण्याची टाकी ओढत यंत्र न्यायचे आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसानंतर नाशिकच्या बागांवर डाऊनी असा पसरला की त्या हंगामाच्या आठवणी बागायतदार आजही काढतात.

अशा सकाळी भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही, कारण तो सगळ्या गावाला त्याच सकाळी हवा असतो. मिळाला तरी पंचेचाळीस अश्वशक्तीचा, दोन टनांचा गडी. तो ओळीत शिरला की चाकोऱ्या पडतात आणि मुळ्यांवरची माती दाबून घट्ट होते. अडीच-तीन एकरवाल्या माणसाने स्वतःचा ट्रॅक्टर घ्यावा का, आणि घेतला तर कोणता, हा प्रश्न मला या सकाळपासून सुरू करावासा वाटतो. शोरूममध्ये तो किमतीपासून सुरू होतो, पारावर कंपनीच्या नावापासून. दोन्हीकडे मूळ गोष्ट मागे राहते: तुमच्या शेतात असे कोणते काम आहे, जे ठरावीक तासांत झाले नाही तर वर्ष जाते?

महाराष्ट्रात हा प्रश्न थोडक्यांचा नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत राज्यातले सरासरी वहिवाट क्षेत्र १.३४ हेक्टर निघाले, म्हणजे सव्वातीन एकर. वाटण्या होत गेल्या, बांध वाढले. दावणीची बैलजोडीही गेली. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात खिलारांची देखणी जोडी अजून उभी असते, पण तिला वर्षभर चारा घालायचा, गडी ठेवायचा आणि काम मात्र वर्षातले मोजके दिवस, हे गणित लहान घराला झेपेनासे झाले. बैलजोडी सलग कामात साधारण एक अश्वशक्ती देते. वीतभर रुंदीच्या तासाने एक एकर नांगरायचा तर नांगरामागच्या माणसाला वीस किलोमीटर चालावे लागते. हे चालणे ज्याच्या वडिलांनी केले, त्याला ट्रॅक्टरची हौस का वाटते हे मला समजते, आणि त्या हौसेची चेष्टा करणारे शहाणपण मला आवडत नाही.

मोठे ट्रॅक्टर आपल्याकडे आले ते मोठ्या वावरांसाठी. लहान शेतासाठीची यंत्रे दोन वाटांनी आली. एक वाट जपानची. भातखाचरांत रुतू नये म्हणून तिथे हलके, चारही चाकांनी ओढणारे ट्रॅक्टर घडले. बंगळूरच्या व्हीएसटीने मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर इकडे आणले आणि पुढे छोटे ट्रॅक्टरही काढले. कुबोटाची निओस्टार मालिका त्याच घराण्यातली. दुसरी वाट सौराष्ट्रातली. राजकोट हे डिझेल इंजिनांचे गाव; तिथल्या कॅप्टन कंपनीने १९९० च्या दशकात शेतकऱ्याला परवडेल असा मिनी ट्रॅक्टर बनवायला घेतला. पुढे महिंद्राचा एका सिलिंडरचा, पंधरा अश्वशक्तीचा युवराज आला, मग चोवीस अश्वशक्तीचा जिवो. २०२१ मध्ये स्वराजने कोड नावाचे अकरा अश्वशक्तीचे पेट्रोल यंत्र आणले. त्यात चालक तोंड फिरवून दोन्ही दिशांना काम करू शकतो. २०२३ च्या १५ ऑगस्टला महिंद्राने जपानी भागीदारीतून घडवलेली ओजा मालिका जाहीर केली. सोनालिका, आयशर, जॉन डिअर यांचीही लहान यंत्रे बाजारात आहेत. पर्याय इतके वाढले आहेत, तरी निवड सोपी झालेली नाही.

या सगळ्या नावांत जाण्याआधी टेप घेऊन शेतात जावे. द्राक्षाच्या दोन ओळींत आठ, नऊ, क्वचित दहा फूट अंतर असते. पण ट्रॅक्टरला तेवढे मिळत नाही. वाय पद्धतीत लोखंडी अँगलचे हात दोन्ही बाजूंनी आत आलेले असतात, त्यांवर काड्या, घड. खाली ठिबकची नळी आणि मातीचा बेड. मोकळी वाट उरते ती मोजायची, आणि तीही फळे भरल्यावरची. लहान बागायती ट्रॅक्टरची एकूण रुंदी तीन ते चार फुटांच्या दरम्यान बसते, म्हणून ते चालतात. मांडव असेल तर उंची मोजावी. माणूस सीटवर बसल्यावर डोके तारांच्या खाली राहते का? उभा सायलेन्सर असेल तर गरम धूर थेट पानांवर आणि घडांवर जातो. बागेसाठी आडवा, खाली वळवलेला सायलेन्सर लागतो. ही अगदी साधी गोष्ट, पण ट्रॅक्टर घरी आल्यावर ती लक्षात आली की गावातल्या वेल्डरकडे फेऱ्या सुरू होतात.

ओळीच्या टोकाला वळायला किती जागा सोडली आहे, हेही त्याच फेरीत पाहावे. पत्रकावरची वळणत्रिज्या ट्रॅक्टरची असते. मागे ओढायचा ब्लोअर जोडला की सगळी गाडी लांब होते आणि शेवटच्या खांबाला घासते. बांधापर्यंत वेली लावून जागा वाचवलेल्या बागेत ओढायचा ब्लोअर फिरत नाही. तिथे मागच्या दुव्यांवर उचलून धरायचा लहान ब्लोअरच घ्यावा लागतो. म्हणजे बांधाने ब्लोअर ठरवला आणि ब्लोअर आता ट्रॅक्टर ठरवणार. माझ्या मते निवडीचा खरा क्रम हाच आहे. आधी काम, मग अवजार, आणि त्या अवजाराला पुरेल एवढा ट्रॅक्टर.

अश्वशक्तीच्या बाबतीत फसगत होते ती इथे. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. ब्लोअरचा पंखा किंवा रोटाव्हेटरची पाती फिरतात ती मागच्या पीटीओ शाफ्टवर, आणि तिथपर्यंत पोचेतो काही शक्ती खर्ची पडलेली असते. चोवीसच्या ट्रॅक्टरला पीटीओवर वीसच्या आसपास मिळते. म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न पीटीओ अश्वशक्तीचा. दुसरा, पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतात. काही ट्रॅक्टरांत इकॉनॉमी पीटीओ असतो. हलक्या कामात तेच ५४० फेरे इंजिन हळू चालवून मिळतात आणि डिझेल वाचते. तिसरा प्रश्न क्लचचा. साध्या एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही थांबतो. ओळीच्या टोकाला गिअर बदलताना पंखा थांबला, पुन्हा वेग घेईपर्यंत चार वेली कोरड्या गेल्या, असे दर ओळीला होते. फवारणी हेच मुख्य काम असेल तर दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ यावर तडजोड करू नये. मी तर म्हणेन, त्यासाठी रंग, म्युझिक सिस्टीम आणि छत सगळे सोडावे.

लिफ्टचेही तसेच. या वर्गातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांची उचलक्षमता ७५० किलो लिहिलेली असते. ती दुव्यांच्या टोकाशी मोजलेली. भरलेल्या टाकीचे वजन त्याच्याही मागे लोंबकळत असते, त्यामुळे प्रत्यक्षात कमी उचलले जाते, आणि उचलले तरी चढावर पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. चारशे लिटरची टाकी म्हणजे चारशे किलो पाणी, वर लोखंडाचे वजन. पुढच्या बाजूला वजने लावायची सोय आहे का, हे तेव्हाच पाहून घ्यावे.

या आकड्यांसाठी विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहायचे कारण नाही. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्रांचे प्रशिक्षण आणि चाचणी करणारी संस्था १९५० च्या दशकापासून काम करते आहे. तिथे ट्रॅक्टरची पीटीओवरची शक्ती, ओढ, डिझेलचा खप, लिफ्ट, ब्रेक यांची चाचणी होते आणि अहवाल निघतो. आपल्या मॉडेलचा अहवाल दाखवा, असे म्हणणारा शेतकरी समोर आला की शोरूममधल्या बोलण्याचा सूर बदलतो. हा अहवाल मागणे हा आपला हक्क आहे, आणि तो फार थोडे लोक बजावतात याचे मला वाईट वाटते.

आता चारचाकी ओढीचा प्रश्न. सुरुवातीची ती सकाळ आठवली तर ओल्या काळ्या जमिनीत भरलेला ब्लोअर ओढायला हलक्या ट्रॅक्टरला चारही चाकांची ओढ लागते. मागची दोनच चाके जागच्या जागी फिरून खड्डा करतात. इथे फोर व्हील ड्राइव्हचे जादा पैसे वसूल होतात. पण हलक्या, मुरमाड जमिनीत डाळिंब असेल, आणि कामे कोरड्यातली असतील, तर दोन चाकांची ओढ पुरते आणि देखभाल कमी लागते. फोर व्हील ट्रॅक्टरचे पुढचे आणि मागचे टायर एकमेकांशी मेळ धरून दिलेले असतात. झिजल्यावर भलत्या मापाचे बसवले की पुढची चाके एक वेग मागतात, मागची दुसरा, आणि ताण गिअरांवर येतो. डांबरी रस्त्यावर ही ओढ बंद ठेवावी, हे डिलिव्हरी देताना सांगितले जात नाही.

द्राक्षाबद्दल इतके लिहिले, कारण छोट्या ट्रॅक्टरची गरज तिथे सर्वांत धारदार आहे. उसात वेगळे. साडेचार-पाच फुटांच्या सरीत बाळभरणी आणि मोठी बांधणी करायला अरुंद ट्रॅक्टर उत्तम, पण ऊस गुडघ्याच्या वर गेला की जमिनीपासूनची उंची आड येते, म्हणजे कामाचे दिवस ठरलेले. कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यात डवरणी-कोळपणीसाठी अरुंद टायर आणि चाकांमधले अंतर कमी-जास्त करता येणे महत्त्वाचे. मावळ-भोरकडे किंवा कोकणात, पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत चिखलणी हेच काम असेल, तर मी ट्रॅक्टर घ्या असे सांगणार नाही. पॉवर टिलर एका खाचरातून दुसऱ्यात उतरवता येतो आणि किंमतही कमी.

रोटाव्हेटरवाल्यांनी वेळेचा अंदाज आधीच करावा. पंधरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागे जेमतेम तीन फुटी रोटाव्हेटर चालतो. ताशी अडीच किलोमीटर वेग धरला, वळणांचा वेळ मिळवला, तर एक एकराला दोन तास लागतात. पंचेचाळीसच्या मागे सहा फुटी रोटाव्हेटर तेच काम तासाभरात उरकतो. म्हणून पूर्ण वावराची नांगरट आणि पहिली मशागत उन्हाळ्यात मोठ्या ट्रॅक्टरला भाड्याने द्यावी. तेव्हा घाई नसते, जमीन कोरडी असते, गावात ट्रॅक्टर मोकळे असतात. पलटी नांगरासाठी म्हणून मोठा ट्रॅक्टर घेणारा अडीच एकरवाला वर्षातल्या दोन दिवसांसाठी बाकीच्या सगळ्या दिवसांचा हप्ता भरतो.

हप्त्याचा हिशेब तर कागदावर मांडूनच पाहावा. २०२३ मध्ये ओजा २१२७ ची पुण्यातली शोरूम किंमत ५,६४,५०० रुपये जाहीर झाली होती. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टर आणि अवजार मिळून सहा लाख धरू. दहा वर्षांनी दीड लाख परत आले, तर वर्षाला ४५,००० रुपये घसारा. दहा टक्के व्याजदराने सरासरी गुंतलेल्या रकमेवर ३७,५०० रुपये. विमा, सर्व्हिस, टायर यांचे १७,५०० धरले की डिझेल आणि चालक सोडून वर्षाचा खर्च झाला एक लाख. कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकी हिशेबात ट्रॅक्टर वर्षाला हजार तास चालतो असे मानतात. तेव्हा तासाला शंभर रुपये पडतात. अडीच एकराच्या बागेत हंगामात पन्नास-साठ फवारण्या, प्रत्येकीला पाणी भरण्यासकट दीड तास, वर शेणखत वाहणे, तण काढणे. सगळे मिळून दीडशे तास होतील. म्हणजे तासाला साडेसहाशेच्या वर. महाग आहे, पण एक चुकलेली फवारणी त्याहून महाग असू शकते, म्हणून द्राक्षवाल्याला हा सौदा परवडतो. तेवढ्याच अडीच एकरांत फक्त सोयाबीन-हरभरा घेणाऱ्याचे तीस तासही भरत नाहीत. त्याला तासाचे तीन हजारांवर पडले. त्याने ट्रॅक्टर घेऊ नये, हे मी स्पष्ट लिहितो, कारण कर्ज द्यायला तयार असलेले लोक ते त्याला सांगणार नाहीत.

दोघा-तिघा भावांनी मिळून घेतला तर तास वाढतात, पण पावसानंतरची सकाळ तिघांचीही एकच असते. तीन बागांच्या छाटण्या आठ-आठ दिवसांच्या अंतराने घेतल्या तर प्रत्येक बाग वेगळ्या अवस्थेत असते, कोणाकडे आधी जायचे हे ठरवता येते. पलूस भागातल्या एका वस्तीवर मी असे वेळापत्रक भिंतीवर खडूने लिहिलेले पाहिले. “आण्णा, आधी तुमची पोंगा अवस्था, मग आमचं,” असे धाकटा थोरल्याला सांगत होता, आणि त्यात कुरबूर नव्हती, कारण ते छाटणीआधीच ठरले होते.

अनुदानाचे दोन शब्द. राज्यात कृषी यांत्रिकीकरणातून ट्रॅक्टरसाठी अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्के, कमाल सव्वा लाख, आणि इतरांना ४० टक्के, कमाल एक लाख अशी मदत मिळत आली आहे. महाडीबीटीवर अर्ज करायचा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरचे बिल नंतर लावता येत नाही. समाजकल्याण खात्याची आणखी एक योजना आहे, ती अधिक लोकांपर्यंत जायला हवी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि अवजारे, साडेतीन लाखांच्या मर्यादेत, ९० टक्के अनुदानावर. गटाने स्वतःचे ३५,००० रुपये घालायचे. इथे अश्वशक्तीची वरची मर्यादा योजनेने ठरवली आहे, म्हणून गटाने गावात कोणते काम मागितले जाते ते आधी पाहावे. भाजीपाल्याच्या बेडांची मशागत आणि ट्रॉलीची वाहतूक अठरापर्यंतच्या शक्तीत छान होते. द्राक्षाचा मोठा ब्लोअर त्यावर ओढायला घेतला तर यंत्र दमते.

डेमो शोरूमच्या आवारात पाहून उपयोग नाही. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरते, जानेवारीत बारामतीला कृषिक. तिथे पाच कंपन्यांची यंत्रे शेजारी-शेजारी बघता येतात, सीटवर बसून हात-पाय कुठे पोचतात ते कळते. पण निर्णय स्वतःच्या वावरात, स्वतःच्या अवजारासह, जमीन ओली असताना घ्यावा. विक्रेता कोरड्या दिवसाचा आग्रह धरील. “दादा, पावसानं रस्ता खराब झालाय, पुढच्या आठवड्यात आणतो,” असे तो म्हणाला तर हसून सांगावे, रस्ता खराब झालाय म्हणूनच आज आणा. घरात जो सर्वांत जास्त चालवणार त्यालाच बसवावे, मग ती सून असो की सत्तरीचे नाना. क्लचवर पाय पूर्ण दाबला जातो का, मागे वळून अवजार दिसते का, तासाभराने पाठ दुखते का, हे पत्रकात नसते. एका सिलिंडरच्या ट्रॅक्टरचे हादरे तासाभरात हातांना कळतात. त्या यंत्राचा साधेपणा आणि कमी किंमत हा त्याचा मोठा गुण. दिवसाला दोन तास चालवायचे असेल तर तो चालतो, सात तासांसाठी तीन सिलिंडर बरे.

सर्व्हिस सेंटर किती लांब आहे यापेक्षा मेकॅनिक हंगामात शेतावर येतो का, हे शेजारच्या गावातल्या मालकाला विचारावे. पंप, फिल्टर, पुढच्या ॲक्सलचे सील हे भाग तालुक्याला मिळतात का? जपानी घराण्यातली यंत्रे सहसा कुरकुर करत नाहीत, पण भाग महाग आणि कधी थांबून मिळणारे. देशी यंत्राचा भाग कोपऱ्यावरच्या दुकानातही सापडतो. मी बाजारात दोन वर्षे झालेले असे मॉडेल घेईन, ज्याची आजूबाजूला निदान पाच यंत्रे चालू आहेत.

आणि सुरक्षितता. हलका ट्रॅक्टर खेळण्यासारखा दिसतो, म्हणून पोरे मडगार्डवर बसतात, आणि तो उतारावर किंवा बांधाच्या कडेला क्षणात कलंडतो. आपल्याकडे या वर्गात चालकावर संरक्षक लोखंडी चौकट बहुधा नसते. ती मागावी, बागेत दुमडता येणारी मिळत असेल तर घ्यावीच. जड ओझे कधीही वरच्या दुव्याला बांधून ओढू नये, पुढचा भाग उठून ट्रॅक्टर मागे उलटतो. सर्वांत जास्त भीती मला पीटीओ शाफ्टची वाटते. ५४० फेऱ्यांनी फिरणाऱ्या शाफ्टला साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा लागला तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. नव्या यंत्रावर प्लास्टिकचे आवरण असते. अवजार जोडायला अडचण होते म्हणून पहिल्याच आठवड्यात ते काढून गोठ्यात टाकलेले मी कितीतरी घरी पाहिले आहे. डिलिव्हरी घेताना अवजार जोडून, आवरण बसवून, चालू करून दाखवायला सांगावे. आवरणाची साखळी स्थिर भागाला अडकवलेली आहे ना, ते शाफ्टबरोबर फिरत नाही ना, हे सही करण्याआधी खाली वाकून पाहावे, आणि घरातल्या बायका-पोरांना तिथेच उभे करून तो भाग दाखवावा.